वाघ्या घेवडा पिवळा पडलाय, जीवामृत देऊनसुद्धा!

माळावरची | १९ जुलै

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज गरजेपोटी पहिला धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं रान कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागात, वाठार स्टेशनच्या बाजूला. इथला वाघ्या घेवडा तुमच्यापैकी काहींनी खाल्ला असेल. दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात म्हणून वाघ्या. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सगळा खरिपाचा, पावसावरचा कारभार.

अण्णा (माझे सासरे) दरवर्षी पेरताना डीएपी टाकतात. यंदा तीस गुंठ्यांचा तुकडा मी हट्टानं मागून घेतला आणि जाहीर केलं, यात रासायनिक खताचा एक दाणा पडणार नाही. अण्णा म्हणाले, "कर. तुझं तू बघ." हे वाक्य ज्यांनी सासरी ऐकलंय त्यांना त्याचा पूर्ण अर्थ कळेल.

काय केलं ते सांगते. उन्हाळ्यात दोन बैलगाड्या शेणखत विस्कटलं. बियाण्याला दुकानातून आणलेलं रायझोबियम (कडधान्याच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र मिळवून देणारे जीवाणू) गुळाच्या पाण्यात कालवून चोळलं आणि सावलीत सुकवलं. २५ जूनला पेरणी. त्यानंतर जीवामृत दोनदा दिलं, तेही अगदी मापानं: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सकाळ-संध्याकाळ ढवळलं, तिसऱ्या दिवशी ओलीवर दिलं.

आज चोविसावा दिवस. पीक पिवळट दिसतंय आणि वाढ खुंटलीय. शेजारच्या रानातला डीएपीवाला घेवडा काळाशार हिरवा आहे. अण्णा रोज सकाळी चहाचा कप घेऊन आमच्या बांधावर उभे राहतात आणि शेजाऱ्याच्या घेवड्याकडे बघतात. बोलत काही नाहीत.

कुणी नुसत्या शेणखतावर आणि द्रवरूप खतांवर घेवडा काढलाय का? माझं नक्की काय चुकलं?

---

टवाळ | १९ जुलै

चुकलं एवढंच की अण्णांच्या चहाची वेळ तुम्ही बदलली नाहीत.

---

गच्चीतली | १९ जुलै

वाचतेय. फोटो टाका ना.

---

खटावचा गडी | १९ जुलै

ताई, दोन गाड्यांत काय हुतंय? आमच्याकडं एकरी पंधरा-वीस गाड्या टाकायची म्हातारी माणसं. आता गुरं ऱ्हायली न्हाईत म्हणून गाड्या बी ऱ्हायल्या न्हाईत, ती गोष्ट निराळी. तीस गुंठ्याला दोन गाड्या म्हंजी नवरदेवाला अक्षता टाकल्यागत झालं.

दुसरं इचारतो. शेणखत कुजलेलं हुतं का उकिरड्यातनं वरचंवर उचललं? कच्चं असंल तर हुमणी घिऊन येतंय. एक पिवळं झाड उपटून मुळाशी बघा, पांढरी वाकडी अळी घावती का.

---

लिटमस | २० जुलै

खटावच्या गड्याशी सहमत. मी शेतकरी नाही, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालोय, त्यामुळे माझ्याकडे फक्त हिशोब आहे.

घेवड्याच्या दाण्यात साधारण २२ टक्के प्रथिनं असतात. त्याला ६.२५ ने भागलं की नत्र (नायट्रोजन) मिळतं, म्हणजे साडेतीन टक्के. समजा तुम्हाला तीन क्विंटल घेवडा हवाय. तर नुसत्या दाण्यातून साडेदहा किलो नत्र रानाबाहेर जाणार. पाल्यातलं वेगळं.

आता तुमचं जीवामृत घ्या. १० किलो ओल्या शेणात नत्र ३०-४० ग्रॅम. गोमूत्रात एक टक्का धरला, तर १० लिटरमध्ये १०० ग्रॅम. दोन किलो बेसनात ७० ग्रॅम. गुळात नसल्यातच जमा. म्हणजे अख्ख्या पिंपात फार तर २०० ग्रॅम. महिन्यातून दोनदा, असं दोन महिने दिलंत तर पाऊण ते एक किलो. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत २०.७ किलो असतं.

शेणखतात अर्धा टक्का नत्र धरूया. दोन गाड्या म्हणजे साधारण टनभर, त्यातून पाच किलो. तेही सगळं पहिल्याच हंगामात सुटत नाही, निम्मं सुद्धा नाही.

आता साडेदहा कुठून येणार ते तुम्हीच सांगा.

---

देशी गोठा | २० जुलै

लिटमस सर, तुमचं गणित बरोबर आणि उत्तर चूक. जीवामृताला खत समजून मोजलंत तर दोनशे ग्रॅमच दिसणार. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकर गुरुजींनी पहिल्यापासून हेच सांगितलंय की जीवामृत हे खत नाही, विरजण आहे. जमिनीत सगळं आहे, ते उपलब्ध करून देणारे जीवाणू आपण सोडतो. विरजणाचा चमचा मोजून दही किती होईल ते काढता का तुम्ही?

मी नऊ वर्षं एका देशी गाईवर चार एकर करतोय. युरियाची गोणी घरात नाही.

---

लिटमस | २० जुलै

विरजणाची उपमा फारच आवडली. माझा प्रश्न एवढाच, पातेल्यात दूध किती आहे?

---

टवाळ | २० जुलै

गुगली!

---

वऱ्हाडातून | २० जुलै

दोघांचंही खरं आहे. मी अमरावती जिल्ह्यातला, म्हणजे पाळेकर गुरुजींचं बेलोरा आमच्याच जिल्ह्यात. लोक जीवामृत तेवढं उचलतात आणि आच्छादन विसरतात. त्यांच्या पद्धतीत आच्छादन आहे, आंतरपीक आहे, वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही राखणं) आहे. पालापाचोळा जमिनीवर नसेल, जमीन उघडी तापत असेल, तर सोडलेले जीवाणू खातील काय? देशी गोठा यांच्या रानात नऊ वर्षांचं दूध साठलंय. माळावरची ताईंचं पातेलं यंदाच चुलीवर चढलंय.

---

पोपटी | २० जुलै

आमच्या रायगडात हे काही लागत नाही बुवा. भात कापलं की त्याच ओलीवर वाल टाकायचे आणि घरी येऊन झोपायचं. ना पाणी, ना खत. चुलीची राख असली तर पाल्यावर मारायची, मावा (कीड) पण जातो. तुम्ही पण राख मारा.

---

खुरपं | २० जुलै

घाईत आहे, सविस्तर रात्री लिहिते. माळावरची, तोवर दोन गोष्टी बघून ठेवा. एक, पिवळी झालीत ती खालची जुनी पानं की शेंड्याकडची कोवळी? दोन, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असं आहे का?

आणि पोपटी, राख कोकणात ठीक आहे. तुमची जांभ्याची माती आम्ल, तिला राख मानवते. वाठारकडच्या मातीत आधीच चुना असतो, राख अल्कधर्मी, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. ती शेणात किंवा गोमूत्रात तर मुळीच मिसळू नका. अमोनिया उडून जातो. नाकाला झणका बसतो ना, तेच तुमचं नत्र.

---

गच्चीतली | २० जुलै

नाकावरून आठवलं. मी पुण्यात गच्चीवर बारा इंची कुंड्यांत श्रावण घेवडा लावते. गेल्या वर्षी कुठेतरी वाचून फिश अमिनो करायला घेतलं. बांगड्याची डोकी आणि तेवढ्याच वजनाचा गूळ, बरणीत तीन आठवडे. नीट झालं तर वास येत नाही म्हणतात, आंबूस-गोडसर येतो फक्त. माझं नीट झालं नव्हतं. गूळ महाग वाटला म्हणून निम्माच घातला होता. झाकण उघडलं तर आधी सोसायटीतली सात मांजरं आली आणि मागोमाग सेक्रेटरी.

मांजरांची समजूत निघाली.

---

टवाळ | २० जुलै

सेक्रेटरींना बांगड्याचं तिखलं पाठवायचं होतं.

---

मुंबईकर मावशी | २० जुलै

एक भाबडा प्रश्न. श्रावण घेवडा म्हणजे आमची फरसबीच ना? मग वाघ्या घेवडा म्हणजे राजमा का? आणि वाल, पावटा हे पण घेवडेच का? आमच्या भाजीवाल्याला विचारलं तर तो सगळ्याला "बीन्स है" म्हणतो.

---

खुरपं | २० जुलै (रात्री)

मावशी, प्रश्न भाबडा नाही, या धाग्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे. श्रावण घेवडा, फरसबी, राजमा, वाघ्या हे सगळे एकाच जातकुळीचे. कोवळी शेंग खाल्ली तर फरसबी, वाळवून दाणा खाल्ला तर राजमा. वाल आणि पावटा वेगळ्या जातकुळीतले, चवळी आणखी वेगळी.

आता मुद्द्याचं. कडधान्य म्हटलं की आपण धरून चालतो की हवेतलं नत्र ते आपलं आपण घेईल. चवळी, भुईमूग, सोयाबीन बऱ्यापैकी घेतात. घेवडा या बाबतीत आळशी आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठी उशिरा येतात, कमी येतात आणि लवकर संपतात. म्हणून कडधान्य असूनही राजमा वर्गाला नत्राची शिफारस इतर कडधान्यांपेक्षा जास्त असते. पोपटींचा वाल झोपून येतो म्हणून घेवडा येईल असं नाही.

दुसरं, प्रत्येक कडधान्याचा जीवाणू वेगळा असतो. हरभऱ्याचा घेवड्याला चालत नाही, सोयाबीनचा हरभऱ्याला चालत नाही. माळावरची, तुमच्या रायझोबियमच्या पाकिटावर काय लिहिलंय? पाकीट असलं तर बघा.

तिसरं, उद्या सकाळी एक रोप काढा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. खुरप्यानं ढेकळासकट उचला, बादलीत बुडवा, माती आपोआप सुटू द्या. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. नखानं एक फोडा. आत गुलाबी-लालसर असेल तर काम चालू आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चुलतभावाचा तो रंग आहे. आत पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ नुसती बसून खातेय. आणि सहज सुटून हातात येते ती गाठ. मूळच जागोजागी सुजल्यासारखं असेल आणि काही सुटत नसेल तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक जंत), त्याची कहाणी वेगळी.

---

देशी गोठा | २१ जुलै

बियाण्याला बीजामृत केलं असतं तर पाकिटाचा प्रश्नच आला नसता. ५ किलो शेण, ५ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम चुना, २० लिटर पाणी. फुकटात.

---

खुरपं | २१ जुलै

बीजामृत चांगलंच आहे, रोपाचं सुरुवातीचं रोगापासून रक्षण करतं. पण घेवड्याचा नेमका जीवाणू त्यात कुठून येणार? जिथं दरवर्षी घेवडा होतो तिथल्या मातीत तो असतो, हे मान्य. नव्या तुकड्यात नसतो. त्यांनी हा तुकडा यंदाच घेतलाय, आधी तिथं काय होतं ते विचारा.

---

माळावरची | २१ जुलै

सगळ्यांचे आभार. रात्रभर धागा वाचत बसले, सकाळी भाकरी करपली.

खालची जुनी पानं पिवळी आहेत. शेंडे फिके आहेत पण हिरव्या शिरा-पिवळी पानं असं नाही. हुमणी सापडली नाही. शेणखत दीड वर्षाचं, चांगलं काळं होतं, तेवढं तरी जमलंय माझं. या तुकड्यात गेली सहा-सात वर्षं ज्वारी आणि अधूनमधून कांदा. घेवडा कधीच नव्हता.

खुरपं, तुम्ही म्हणालात तसं तीन ठिकाणची रोपं काढली. पहिल्यावर चार गाठी, दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर शून्य. फोडल्या, तर आत पांढऱ्या. मग बांधावरच्या चवळीचं एक रोप काढलं. मुळांवर मोत्यांची माळ! फोडली तर आत चक्क डाळिंबाचा दाणा. मी तिथंच बसून आठ-दहा फोडल्या. अण्णा चहा घेऊन उभे होते, "चवळीनं काय घोडं मारलंय तुझं?" म्हणाले.

पाकीट गोठ्यातल्या फळीवर सापडलं. त्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, "हरभरा पिकासाठी".

मी दुकानात "रायझोबियम द्या" एवढंच म्हटलं होतं. त्यांनी विचारलं नाही, मी वाचलं नाही.

---

टवाळ | २१ जुलै

धागा पेटला! दूध कमी आणि विरजणाच्या नावाखाली लोणच्याचा खार.

---

लिटमस | २१ जुलै

टवाळ, तुमचा हा पहिला प्रतिसाद जो मी वहीत उतरवून घेतला.

---

साधासोपा | २१ जुलै

एवढं कशाला? दोन टक्के युरियाची एक फवारणी करा, आठ दिवसांत हिरवं होईल. माणूस अशक्त झाला की सलाईन लावतोच ना? पुढच्या वर्षी पाळा तुमचे सेंद्रिय सोवळे-ओवळे.

---

देशी गोठा | २१ जुलै

झालं! दरवर्षी "पुढच्या वर्षी" म्हणत म्हणतच जमिनी मेल्या. सलाईनवर जगणाऱ्याला निरोगी म्हणायचं का? ताई, ऐकू नका. हे सगळे खत कंपन्यांचे

---

साधासोपा | २१ जुलै

वाक्य पूर्ण करा ना. मी आयटीआयमध्ये फिटर आहे, कुठल्या कंपनीनं मला आजवर चहा पाजलेला नाही.

---

संपादक | २१ जुलै

दोघांनाही विनंती, वैयक्तिक होऊ नका. खतावर बोला.

---

खटावचा गडी | २१ जुलै

जास्त नत्राचं बी सांगतो मंडळी. मी तीन वर्सामागं कोंबडीखत मिळालं म्हणून दीड एकराला ट्रॉलीभर वतलं, ते बी न कुजवता. कडंची झाडं जळली, ती जाऊ द्या. बाकीचा घेवडा असा आला की येणारा-जाणारा गाडी थांबवून बघायचा. पाला ढोपराच्या वर. सरपंच फोटू काढून गेले. आन शेंगा? झाडाला चार. पाला बैलाएवढा आन शेंगा मुंगीएवढ्या. फोटूवर कर्ज फिटत न्हाई.

तवा ताई, आता घाबरून काय बी वतू नका.

---

खुरपं | २१ जुलै

गड्याचा प्रतिसाद सोन्याचा आहे. आयतं नत्र जास्त मिळालं की रोप गाठींना पोसणंच बंद करतं. घरी रोज डबा यायला लागल्यावर चूल कोण पेटवेल?

माळावरची, तुमच्याकडे फुलं यायला अजून दहा-पंधरा दिवस आहेत. मी असते तर असं केलं असतं:

घेवड्याचं, म्हणजे पाकिटावर घेवडा किंवा राजमा लिहिलेलं रायझोबियम आणायचं, पाचपन्नास किलो चाळलेल्या शेणखतात किंवा गांडूळखतात कालवायचं, ओलसर करून एक रात्र गोणपाटाखाली ठेवायचं, आणि कोळपणीच्या वेळी ओळीच्या कडेनं मुळाजवळ मातीआड करायचं. बियाण्याला लावण्याइतकं हे उपयोगी नाही. उशीर झालाय. पण शून्यापेक्षा बरं.

नत्रासाठी निंबोळी पेंड. चार-पाच टक्के नत्र असतं, हळूहळू सुटतं. शेंगदाणा पेंडीत सातच्या आसपास असतं, पण ती म्हशीच्या तोंडची काढावी लागेल. पेंड ओळीच्या कडेनं, रोपाच्या बुंध्याला चिकटून नको.

जीवामृत बंद करू नका, आता त्याला काम मिळेल. मधल्या आठवड्यात गोमूत्र दहापट पाण्यात, ओलीवर, संध्याकाळी. नुसतं गोमूत्र पानांवर मारू नका, कडा जळतात.

आणि एक कळकळीची विनंती. काही ओळी तशाच सोडा, पेंड न टाकता. नाहीतर सप्टेंबरात पाऊस चांगला झाला म्हणून आलं की पेंडीनं आलं, हे कुणालाच कळणार नाही.

---

गच्चीतली | २२ जुलै

स्फुरदाचं (फॉस्फरसचं) काय? मी कुंडीत हाडांचं खत घालते.

---

खुरपं | २२ जुलै

कुंडीत चालेल. चुनखडीच्या रानात हाडांचं खत विरघळत नाही, पडून राहतं. त्याला आम्ल माती लागते. तिथं शेणखतात स्फुरद विरघळवणारे जीवाणू मुरवून देणं बरं. गाठींनाही स्फुरद लागतंच, त्यामुळे प्रश्न योग्य.

आणि कुंडीत जीवामृत देत असाल तर नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. क्लोरीन जीवाणू मारायलाच घातलेलं असतं.

---

पोपटी | २२ जुलै

आमच्या वालाला आळशी नाही म्हणालात, उर भरून आला. सगळ्यांना थंडीत पोपटीचं आमंत्रण. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधे अंडी, जमलं तर कोंबडी. मडकं शेतात उपडं ठेवायचं, भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. पाण्याचा थेंब नाही.

---

मुंबईकर मावशी | २२ जुलै

भांबुर्डीला पर्याय काय? दादरला मिळत नाही.

---

पोपटी | २२ जुलै

पर्याय एकच, अलिबागची बोट.

---

वऱ्हाडातून | २२ जुलै

विषय वालाकडे गेलाच आहे तर अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांची आठवण काढायलाच हवी. कोंभाळण्याच्या. २०२० मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांना नाव कळलं, पण त्या आधीपासून घराच्या एका खोलीत वाल-घेवड्याची गावठी बियाणी राखेत आणि मातीच्या मडक्यात जपत होत्या. माझा अनुभव असा की गावठी वाण कमी खतावर तग धरतो, संकरित वाणाला शेणखतावर ठेवलं की तो रुसतो. माळावरची ताईंचं बियाणं घरचंच आहे ना?

---

माळावरची | २३ जुलै

हो, घरचं. सासूबाई होत्या तोवर त्या निवडायच्या, पट्टे ठसठशीत असलेले दाणे बाजूला. आता मी निवडते.

पेंड १०० किलो आणली. वीस गुंठ्यांत घातली, दहा गुंठे तसेच सोडले. रायझोबियम घेवड्याचंच आहे. या वेळी दुकानात उभं राहून मोठ्यानं वाचलं, मागचे लोक हसले.

साधासोपा, तुमची युरियाची सूचना मी वाईट मानली नाही. पण अण्णांना शब्द दिलाय. यंदा काय व्हायचं ते होऊ दे.

---

माळावरची | १६ ऑगस्ट

बरेच जण विचारत होते म्हणून. फुलं लागून दहा दिवस झाले. पेंडीचे वीस गुंठे हिरवे झालेत. शेजाऱ्याइतके काळेशार नाहीत, पण लाज राखणारे. परवा रोपं काढून पाहिली. नव्या मुळांवर थोड्या गाठी आहेत आणि त्यातल्या निम्म्या आत गुलाबी! सोडलेले दहा गुंठे अजून फिके.

मावा दिसला होता. पाच टक्के निंबोळी अर्काच्या दोन फवारण्या केल्या.

एक फजिती. मैत्रिणीचं ठिबक आहे, तिनं माझं ऐकून जीवामृत न गाळता टाकीत सोडलं. फिल्टर बेसनानं असा बसला की तो उघडून धुताना तिच्या नवऱ्यानं माझं नाव घेतलं म्हणे. दुहेरी फडक्यातून गाळा, हे कुणीतरी ठळक अक्षरात लिहा.

---

टवाळ | १६ ऑगस्ट

फिल्टरमध्ये पिठलं. कांदा चिरून तयार ठेवायचा होता.

---

माळावरची | २८ सप्टेंबर

मळणी झाली. आकडे देते, कारण लिटमस सरांनी व्यक्तिगत निरोपातून दोनदा मागितले.

पेंडीचे वीस गुंठे: १ क्विंटल ८५ किलो. सोडलेले दहा गुंठे: ५८ किलो. एकूण २ क्विंटल ४३ किलो. शेजाऱ्याला तेवढ्याच रानात तीनच्या थोडं वर झालं. म्हणजे मी हरले, पण घरी तोंड दाखवण्याइतपत.

---

लिटमस | २८ सप्टेंबर

दर दहा गुंठ्यांना ९२ विरुद्ध ५८. पेंडीतून चार-पाच किलो नत्र गेलं होतं. हिशोबाला धरून आहे. अभिनंदन!

---

खुरपं | २८ सप्टेंबर

अभिनंदन! पण एक विचारू? सोडलेले दहा गुंठे रानाच्या कुठल्या बाजूला होते?

---

माळावरची | २८ सप्टेंबर

बांधाकडेचे. तिथं माती कमी, मुरूम वर आलाय. मला वाटलं, खराब भाग प्रयोगाला घालवावा.

---

खुरपं | २८ सप्टेंबर

अरे देवा. मग ३४ किलोंतलं मुरमाचं किती आणि पेंडीचं किती, ते आता देवच जाणे. पुढच्या वेळी चार ओळी पेंडीच्या, चार बिनपेंडीच्या, असं आलटून-पालटून.

---

लिटमस | २८ सप्टेंबर

अभिनंदन निम्मं परत घेतो.

---

देशी गोठा | २९ सप्टेंबर

माझं पूर्ण घ्या. पहिल्या वर्षी मला एकरी एक क्विंटल झालं होतं, हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं. घेवड्याचा भुसा विकू नका, गोठ्यात घाला. ज्वारीचा कडबा पण. शेण परत आलं पाहिजे. लिटमस सरांच्या भाषेत, दूध घरातच राहिलं पाहिजे.

---

खटावचा गडी | २९ सप्टेंबर

अण्णा काय म्हणलं?

---

माळावरची | २९ सप्टेंबर

आकड्यांवर काहीच नाही. पण गेल्या आठवड्यात शेजारचे काका तक्रार घेऊन आले. अण्णा म्हणे सकाळी चहाच्या वेळी खुरपं घेऊन त्यांच्या रानात शिरतात आणि उशिराच्या चवळीची, भुईमुगाची रोपं ढेकळासकट काढून गाठी फोडून बघतात. काकांच्या भुईमुगाची सहा रोपं गेली. वर काकांनाच ऐकवलं, "तुझ्या गाठी पांढऱ्या हायत, पाकीट वाचून आणत जा."

पुढच्या वर्षी तीस गुंठ्यांऐवजी पाऊण एकर घे म्हणालेत. तीस गुंठे म्हणजेच पाऊण एकर हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

---

मुंबईकर मावशी | २९ सप्टेंबर

दोन किलो वाघ्या मिळेल का? आणि आमटीत गूळ घालतात की नाही?

---

माळावरची | ३० सप्टेंबर

मिळेल, व्यनि करा. गूळ नाही. कांदा-खोबरं भाजून, आणि आमचा घरचा मसाला.